काय ऐकून रायली?

ओसरीवर सूप घेऊन मी तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होते. कानात बिनवायरीचे इअरबड. मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, म्हणे दोन हाका मारल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी काठीनं सूपच टोकरलं. दाणे अंगणात सांडले, कोंबड्या धावल्या आणि मी कान मोकळे केले.

"कानात बोंडं खुपसून बसली तू. मानसानं हाका मारू मारू मराव काय?"

बोंडं! कपाशीच्या गावात इअरबडला याहून चांगलं नाव सापडायचं नाही. तो शब्द मी तिथंच उचलला.

"काय ऐकून रायली?"

"काही नाही."

"काई नाई ऐकाले दीड तास लागते काय व?"

'काही नाही' म्हणायची मला सवय आहे. पुण्यात ऑफिसच्या डब्याच्या वेळी हा प्रश्न नेहमी निघतो आणि माझ्याकडे तीन उत्तरं तयार असतात. साहेबांनी विचारलं तर कुमार गंधर्व. बरोबरीच्या मैत्रिणीनं विचारलं तर तिनं नक्की ऐकलं नसेल असं एखादं नाव. नव्या पोरांनी विचारलं तर सगळे ऐकतात तेच, म्हणजे बाई अजून जुनी झाली नाही हे त्यांना कळावं. तिन्ही उत्तरं खोटी नाहीत. पण रात्री एकटीचा स्वयंपाक करताना जे लागतं, ते त्या तिन्हींत नसतं. मोठेबाबांसाठी चौथं उत्तर तयार नव्हतं, म्हणून 'काही नाही'.

त्यांना हे पटणं शक्य नाही. त्यांचा जन्म गाणं लावण्यात गेला. १९७२च्या दुष्काळात लोक सुकडी आणत होते आणि ह्यानं उधारीवर अॅम्प्लिफायर आणला, हे आजी मरेपर्यंत ऐकवायची. मोताळा तालुक्यातली घाटाखालची गावं, राजूर घाट चढून गेलं की बुलडाण्याकडची थोडी, आणि पलीकडे जामनेरच्या अंगाची खानदेशातली, एवढा त्यांचा मुलूख. सामान आधी दमणीत जायचं, मग ट्रॅक्टरवर. लग्न, हरिनाम सप्ताह, उरूस, चौदा एप्रिल, गणपती. जिथं कर्णा लागेल तिथं धामणगाव बढ्याचा हा माणूस हजर. पुढे डीजे आला आणि मोठेबाबा घरी बसले. अॅम्प्लिफायर आणि दोन कर्णे आतल्या खोलीत गोणपाटाखाली आहेत. दर दिवाळीला पुसले जातात.

"गानं कवा चोरून ऐकाची गोष्ट होती काय?" ते म्हणाले. "लिंबाले कर्णा बांधला का गानं गावाचं झालं. कोनाच्या घरी लगन हाये, कोनाच्या घरी मयत झाली म्हनून यंदा वाजत नाई, सारं गान्यावरून समजे. तू काय ऐकून रायला, असं कोनी कोनाले पुसलंच नाई. पुसाचं कामच नव्हतं."

"बरोबर. ऐकायचं आहे का, हेही कुणाला विचारलं नव्हतं."

"म्हंजे?"

"म्हणजे माझी बारावी. केमिस्ट्रीचा पेपर, आणि आदल्या रात्री समोरच्या घरी हळद. दीड वाजेपर्यंत. कर्णा कुणाचा होता?"

मोठेबाबांनी सुपातली एक शेंग उचलली आणि फार मन लावून सोलायला घेतली.

ते २००५ साल होतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत: रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. सणासुदीला राज्य सरकार सूट देऊ शकतं, तीही वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस आणि बारापर्यंतच. राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५. हळदीच्या मांडवात डेसिबल मोजायला कोण जातं?

"पास झाली ना?"

"पंचावन्न मार्क."

"मंग!"

दिवसाची मर्यादाही पंचावन्नच आहे, हे मी सांगितलं नाही. त्यांना तो विनोद आवडला असता आणि मला भांडण चालू ठेवायचं होतं.

मग त्यांनी रेडिओ काढला. काढणारच. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, आणि गल्लीत रेडिओ एकच. पोस्टात लायसन्सचे पैसे भरलेला, सेल उन्हात वाळवून वाळवून चालवलेला. अमीन सायानी एकेक पायदान चढवत वर यायचे. पहिलं गाणं कोणतं लागेल यावर ओट्यावर बिडीबंडलाची पैज लागायची. शॉर्टवेव्हवर आवाज समुद्राच्या लाटेसारखा यायचा-जायचा. आवाज गेला की सगळा ओटा पुढे झुकायचा. समुद्र त्यातल्या एकानंही पाहिलेला नव्हता.

"फर्माईशीचं कार्ड मी लिहो," ते म्हणाले. "अक्षर चांगलं होतं माहं. एका कार्डावर गल्लीतले सारे. ज्याले लिहिता येत नाई त्याचं बी नाव घालो मी."

"त्या सगळ्यांना तेच गाणं हवं असायचं?"

"गानं कोनाले पाह्यजे होतं? नाव पाह्यजे होतं."

हे मात्र मला लागलं. मी व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला गाणं लावते आणि दिवसभर कुणी कुणी पाहिलं ते बघत बसते. ते गाणं स्वतः पुन्हा ऐकतेच असं नाही. झारखंडातलं झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव फर्माईशीच्या पत्रांनी सबंध देशाला पाठ झालं होतं. तिथले लोक तरी गाण्यासाठी थोडेच लिहीत होते! सिलोनहून आपल्या गल्लीचं नाव यावं, एवढंच. मी काय ऐकते हे सांगताना मी आहे असंच मी सांगत असते, आणि मोठेबाबांच्या कार्डावरही तेच लिहिलेलं होतं.

"त्या कार्डावर बायकांची नावं असायची?"

"बायाईची नावं रेडिओवर? लोकं काय म्हनतीन?"

आतून मोठीआईनं ओरडून सांगितलं. "माहं नाव होतं दोन कार्डाईवर. टपालात टाकाले माह्याच हाती द्या ना हे. मीच घातलं."

मोठेबाबांनी मान वळवली. पन्नासेक वर्षांनी कळलेली बातमी होती ती.

"मंग? लागलं?"

"एक लागलं. मी भाकरी थापून रायली होती."

पुढे ती काही बोलली नाही. भांडी घासण्याचा आवाज येत राहिला.

बायकांचं ऐकवणं वेगळ्याच वेळी चालायचं, हे मला फार उशिरा कळलं. पहाटे जातं फिरायचं, समोरासमोर दोघी बसलेल्या. एकीनं ओवी म्हटली की दुसरी ती उचलून पुढे न्यायची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. लाख! आणि यातली एकही कधी झाडाला बांधलेली नव्हती. ऐकणारी एकच, समोर बसलेली, तिचा हात त्याच खुंट्याला. गावाला ऐकू जावं असा हेतू नव्हता. उलट सासू जागी होऊ नये हा होता. मोठेबाबा म्हणतात तसं गाणं गावाचं असेल तर मग या लाख ओव्या कुणाच्या? मी त्यांना हे विचारलं.

"ते गानं नाई," ते म्हणाले. "ते काम हाये."

यावर मी चिडले, हे कबूल करते. म्हणून केसकरांना मध्ये आणलं.

"तुमच्या रेडिओत तरी कुठे सगळ्यांचं ऐकत होते? १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणीमंत्री झाले, आपलेच मराठी. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची रुची बिघडते असं त्यांचं मत. आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हाकललीच. म्हणून लोकांनी काटा सिलोनकडे फिरवला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात तुमची बिनाका सुरू झाली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ला सरकारला विविध भारती काढावी लागली. आणि पेटी?"

"पेटीचं काय?"

"हार्मोनियमवर आकाशवाणीत बंदी होती. १९४०पासून तीसेक वर्षं. परदेशी वाद्य आहे, आपले सूर त्यात बसत नाहीत, म्हणून."

मोठेबाबा खरंच हादरले. सप्ताहातली पेटी, भजनी मंडळाची पेटी, तुकडोजी महाराजांच्या भजनाला खंजिरीच्या जोडीला असलेली पेटी. त्यांच्या लेखी पेटी म्हणजे देवाच्या घरची वस्तू.

"तरीच," ते म्हणाले. "तरीच त्याईच्या भजनात सारंगीच कुथे."

"तेच सांगतेय. कुणीतरी साहेब ठरवायचा आणि तुम्ही ऐकायचं. आता तसं नाही. आता कुणी ठरवत नाही."

"कोनी ठरवत नाई? मंग तुह्या बोंडात एकापाठी एक लावते कोन?"

"फोन लावतो. आधी काय ऐकलं ते बघून."

"म्हंजे तू ऐकलं त्याच्यासारखंच लावते?"

"हो."

"आन् ते ऐकलं का मंग आखीन तसंच?"

"हो."

"घान्याचा बैल."

एवढं म्हणून ते उठले आणि आत गेले. मला वाटलं, जिंकले म्हणून चहा सांगायला गेले. ते एक वही घेऊन आले. खताच्या दुकानाची फुकट मिळालेली डायरी, कोपरे उंदरानं खाल्लेले. त्यात धंद्याचा हिशोब होता: गाव, घर, तारीख, येणं किती, दिलं किती. पण प्रत्येक ओळीपुढे समासात बारीक अक्षरांत वेगळंच काही होतं. 'नवरीची माय नाही. बिदाईचं लावू नये.' 'कर्ण्याचं तोंड शाळेकडे नको.' 'मुलाचा बाप सिनेमाच्या विरोधात, आजा नाही. बाप झोपल्यावर भजन बंद करणे.' हे शेवटचं वाचताना मी दोनदा चुकले, मग हसले. 'उरूस: रात्री कव्वाली, नवीन कॅसेट आणणे.' 'चौदा एप्रिल: सकाळी वामनदादा, रात्री प्रल्हाद शिंदे.'

"मले कव्वाली आवडे असं नाई," ते म्हणाले. "पोटासाठी लावली. लावली तं ऐका लागली. ऐकली तं कानात बसली. वामनदादाचं बी तसंच. तुले जे आवडते तेच तुहा फोन देते. मले जे आवडत नव्हतं ते माह्या धंद्यानं देल्लं."

माझ्याजवळ याला उत्तर नव्हतं. आजही नाही. वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे दोघंही २००४ साली गेले. घाटाखालच्या गावांत बाबासाहेबांची गाणी त्या दोघांच्या शब्दांनी आणि आवाजांनीच पोचली होती. त्यातही प्रल्हाद शिंद्यांची गंमत अशी, की विठ्ठलाची गाणी, भीमगीतं आणि कव्वाली हे सगळं एकाच गळ्यातून यायचं. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि तो गळा प्रत्येक वेशीच्या आत आला.

"मग देवळाच्या सप्ताहात तुम्ही प्रल्हाद शिंदे लावायचे?"

"लावो ना. विठ्ठलाचं."

"आणि त्याच आवाजातलं भीमगीत? लग्नात, आपल्या आळीत?"

ते वहीचं पान उलटत राहिले.

"कोनी मागितलं नाई."

"तुम्ही लावून पाहिलं?"

"एकडाव लावलं."

"मग?"

"वायर तोडली."

कुणी तोडली ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. वहीत त्या लग्नापुढे फक्त येणं बाकी असल्याची खूण होती, आणि ते कधी आलेलं दिसत नव्हतं. गाणं गावाचं, असं दुपारपासून चार वेळा म्हणणाऱ्या माणसाला गावाची हद्द कुठे संपते हे वायरीच्या टोकापर्यंत ठाऊक होतं.

मी जरा नरमले. खरं तर माझी बाजू इथून सोपी होती. जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड, बंजारा समाजातला पोरगा. त्याचं 'गुलाबी साडी' हे गाणं फेब्रुवारी २०२४ला आलं आणि परदेशातही लोक त्यावर नाचले. त्याला कोण्या केंद्र संचालकापुढे उभं राहावं लागलं नाही, की कर्णेवाल्याच्या वहीत जागा मागावी लागली नाही. त्याची वायर तोडणार कशी? वायरच नाही.

"ते मले मालूम हाये," मोठेबाबा म्हणाले. "लग्नात वाजते. ठेका चांगला हाये. आपल्या पलीकडचा पोरगा हाये हे नव्हतं मालूम." मग थोडं थांबून, "हे सारं झालं. तू काय ऐकून रायली होती ते तं अजून नाई सांगतलं."

सांगितलं. जुनंच आहे, २०२१चं, पण सध्या मला लागलंय: 'एन्जॉय एंजामी' नावाचं तमिळ गाणं. धी नावाची मुलगी आणि अरिवू नावाचा कवी-रॅपर. मला तमिळ येत नाही. पहिल्यांदा नुसत्या ठेक्यासाठी ऐकलं. मग वाचलं की अरिवूची आजी श्रीलंकेत चहाच्या मळ्यात राबलेली, तिथून परत पाठवलेली. जमीन कसणारे आणि जमीन नसणारे हा त्या गाण्याचा विषय.

"श्रीलंका म्हंजे सिलोन?"

"हो, सिलोन."

"सिलोनले चहाचे मये हायेत?" मोठेबाबांनी काठी बाजूला ठेवली. "मले वाटे तिथं निस्तं रेडिओ स्टेशन हाये."

त्या गाण्याला ओप्पारीचं अंग आहे, हेही सांगितलं. ओप्पारी म्हणजे तमिळ बायका मयतावर रडत रडत गातात ते. "आपल्या बाया एकएक आठवन काढून रडतात तसं?" त्यांनी विचारलं. तसंच. "ऐकव."

मी बोंडं पुढे केली. त्यांनी हात मागे घेतला. कानात काही घालणार नाही. मग फोनवरच लावलं. त्यांनी फोन कानाजवळ धरला, भिंतीवरच्या एका खिळ्याकडे नजर लावून. अर्ध्या मिनिटानं म्हणाले, "वाहाडव." वाढवलं. "आखीन." फोन जेवढा ओरडू शकत होता तेवढा ओरडत होता.

"ढोल येते," ते म्हणाले. "गडी बोलते ते बी थोडं येते. बाई कुठी हाये?"

बाई सुरुवातीपासून गात होती.

"तीन वर्सं झाली," मोठीआई दारात येऊन उभी होती. "मशीन आनली होती कानाची, मलकापूरहून. कोठीत पडेल हाये."

"ते बी बोंडच हाये," मोठेबाबा म्हणाले.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, मोठ्या माणसानं आठवड्याला चाळीस तास, ऐंशी डेसिबलपर्यंत ऐकावं. आवाज वाढला तर तास कमी. माझा फोनही अधूनमधून बजावतो, मी ती सूचना बोटानं सरकवते. कर्ण्याच्या बुडाशी तीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाचं गणित या हिशोबात बसतच नाही. सतत मोठा आवाज ऐकून कान जातात तेव्हा आधी बारीक, वरचे आवाज जातात. पाखरं जातात. शब्दांतले स, श, त जातात. ढोल सगळ्यात शेवटपर्यंत राहतो. म्हणजे तिसऱ्या हाकेला काठीनं सूप टोकरणारा माणूस दुपारभर माझे ओठ बघून भांडत होता.

मला त्या वेळी काय बोलावं सुचेना, म्हणून गाणं त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवलं. "तुह्या फोनले वायर लागते काय? पिनवाली?" त्यांनी विचारलं. माझ्या फोनला ती जागाच नाही. "भोक बी काढून घेतलं," ते म्हणाले. "माह्या फोनले हाये." मी फार लक्ष दिलं नाही. रात्री कढी-भाकरी झाली, तुरीच्या दाण्यांचा ठेचा झाला, नऊ वाजता घर झोपलं.

सकाळी कशानं जाग आली ते आधी कळलंच नाही. वाटलं घरावर काही कोसळलं. मग ढोल ओळखीचा वाटला. आणि मग धामणगाव बढ्याच्या धुक्यात, अंगणातल्या लिंबावरून, तमिळ. फोन पाहिला. सहा वाजून चार मिनिटं झाली होती.

बाहेर अॅम्प्लिफायर बाजेवर, पुसून लख्ख. वायर मोठेबाबांच्या फोनमधून त्यात गेलेली. ट्रेबलचं बटण फिरेल तितकं फिरवलेलं, त्यामुळे धीचा आवाज पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा येत होता. मोठेबाबा कर्ण्याच्या अगदी खाली मान वर करून उभे होते.

"आली!" ते माझ्याकडे न बघता ओरडले. "आली बाई!"

समोरच्या दारात दोघी तिघी उभ्या. हळदीचं घर तेच. दूधवाल्यानं गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल थांबवली, एक पाय टेकवला आणि कान देऊन ऐकलं.

"कोनाचं लगन हाये बाप्पा?"

मोठेबाबांना ते ऐकू गेलं नाही. त्यानं हात हलवून पुन्हा विचारलं.

"लगन नाई कोनाचं," मोठेबाबा म्हणाले. "पोरगी आली हाये पुन्याहून. ते सध्या हे ऐकून रायली."